न झालेल्या सौद्याचं विमान

२००६ च्या मार्च महिन्यात ब्रिटिश नौदलाने आपली 'सी हॅरियर एफए.२' ही लढाऊ विमानं सेवेतून काढली. त्या वेळी गोव्यात दाभोळीच्या 'आयएनएस हंसा' तळावर भारतीय नौदलाची सी हॅरियर होती, पण आधीच्या पिढीची, 'एफआरएस.५१' नावाची. १९८३ च्या डिसेंबरमध्ये त्यांची पहिली तुकडी दाभोळीला उतरली, त्यानंतरच्या वर्षांत अपघातांनी त्यांची संख्या रोडावत गेली होती. ब्रिटिशांनी काढून टाकलेल्या विमानांपैकी आठेक आपल्याला मिळाली तर 'विराट' या विमानवाहू नौकेचा डेक थोडा भरलेला दिसेल, असा विचार झाला आणि बोलणी सुरू झाली. पण विमानं द्यायची ती ब्लू व्हिक्सन रडार काढून, अमराम क्षेपणास्त्र डागण्याची सोयही काढून, असा मामला होता. एफए.२ ची सगळी मातब्बरी त्या रडारात होती. ते वर्ष संपायच्या आत विषय बारगळला.

नौदलापुरता तो संपला. प्लास्टिकची छोटी विमानं जोडणाऱ्या मंडळींसाठी मात्र अशा बारगळलेल्या सौद्यातूनच खरं काम सुरू होतं. सौदा झाला असता तर? ती आठ विमानं २००७ साली कशी दिसली असती? त्यांच्या अंगावर कोणता रंग चढला असता, कोणते क्रमांक पडले असते, पंखाखाली काय लटकलं असतं? या प्रश्नांची उत्तरं वीस सेंटिमीटर लांबीच्या एका मॉडेलमध्ये द्यायची, हा या छंदाचा एक उपप्रकार आहे. जगभर त्याला 'व्हॉट-इफ' मॉडेलिंग म्हणतात.

आपल्याकडे 'एरोमॉडेलिंग' म्हटलं की बाल्सा लाकडाची, खरोखर उडणारी विमानं डोळ्यांसमोर येतात. एनसीसीच्या हवाई शाखेत गेलेल्यांनी ती केलेली असतात. इथे बोलणं चाललंय ते न उडणाऱ्या विमानांचं. खोक्यात पॉलिस्टायरिनच्या चौकटी असतात, त्या चौकटींना चिकटलेले सुटे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. विमानांच्या अशा प्लास्टिक किटची सुरुवात ब्रिटनमधल्या 'फ्रॉग' कंपनीने १९३६ मध्ये केली. ही कंपनी मुळात उडणारी खेळण्यातली विमानं विकायची, म्हणून न उडणाऱ्या मालिकेला तिने 'पेंग्विन' हे चपखल नाव दिलं. या मालिकेचं प्रमाण होतं १/७२, म्हणजे खऱ्या सहा फुटांना मॉडेलवर एक इंच. पुढे 'एअरफिक्स'ने १९५३ मध्ये आपलं पहिलं स्पिटफायर काढलं, जपानच्या 'तामिया' आणि 'हासेगावा' या कंपन्या आल्या, १/४८ आणि १/३२ ही मोठी प्रमाणंही रुळली. पण १/७२ ची सद्दी आजही टिकून आहे, कारण त्यात आख्खं हवाई दल एका काचेच्या कपाटात मावतं.

बहुतेक मॉडेलकार खऱ्याचे उपासक असतात. अमुक तारखेला अमुक तळावरच्या अमुक क्रमांकाच्या विमानाच्या डाव्या दारावर ठिगळ होतं की नव्हतं, यावर ते तासन्‌तास वाद घालू शकतात. काल्पनिक विमान करणारा त्यांच्यात थोडा वाह्यात समजला जातो. 'याला काय, काहीही चालतं,' असं त्याच्याबद्दल म्हणतात. हा आरोप बऱ्याच मॉडेलांच्या बाबतीत खरा असतो. एका विमानाला दुसऱ्याचं शेपूट, तिसऱ्याचे पंख आणि वर चार जास्तीची इंजिनं लावली की गंमत होते, विमान होत नाही. या प्रकारातलं उत्तम काम ओळखायची खूण उलटीच आहे. त्यात थाप एकच असते. ती एक मान्य केली की बाकी प्रत्येक गोष्ट खऱ्या विमानाच्या, खऱ्या खजिन्याच्या आणि खऱ्या राजकारणाच्या नियमांनी चालते.

नुसत्या रंगाची थापही पुरते, हे हॉलिवूडने दाखवलंय. १९८६ च्या 'टॉप गन' चित्रपटात शत्रूची म्हणून जी 'मिग-२८' दिसतात, ती प्रत्यक्षात अमेरिकेचीच एफ-५ विमानं होती. काळा रंग फासला, शेपटावर लाल तारा काढला, झालं. एफ-५ चं किट आणि काळ्या रंगाची एक बाटली एवढ्यात ते मॉडेल होतं, आणि जगभरात ते अजून होत असतं.

त्याच वर्षी याच्या दुसऱ्या टोकाचा एक प्रकार घडला. अमेरिकी हवाई दल नेवाडाच्या वाळवंटात रडारला न दिसणारं विमान गुपचूप उडवतंय, अशी कुजबुज बरीच वर्षं चालू होती. अमेरिकी विमानांच्या क्रमांकांत एफ-१८ नंतर एकदम एफ-२० आलं होतं, तेव्हा मधलं एफ-१९ हेच ते गुप्त विमान असणार, असा तर्क लढवला गेला. 'टेस्टर्स' कंपनीचे डिझायनर जॉन अँड्र्यूज यांनी उघडपणे मिळणाऱ्या माहितीवरून अंदाज बांधला आणि १९८६ मध्ये 'एफ-१९ स्टेल्थ फायटर' नावाचं १/४८ प्रमाणातलं किट दुकानांत आलं. गुळगुळीत, चपटं, गोलाई असलेलं अंग आणि आत कललेली दोन शेपटं. किट धडाक्यात खपलं. सरकारी गुपित खेळण्याच्या दुकानात कसं काय पोचलं, असे प्रश्न थेट अमेरिकी संसदेत विचारले गेले. हुरूप येऊन कंपनीने पुढच्या वर्षी रशियाचं काल्पनिक 'मिग-३७' सुद्धा काढलं.

१९८८ च्या नोव्हेंबरमध्ये हवाई दलाने खऱ्या विमानाचा एक धूसर फोटो प्रसिद्ध केला. ते होतं एफ-११७, आणि अँड्र्यूज यांच्या विमानाशी त्याचं काडीचंही साम्य नव्हतं. गोलाई कुठेच नाही, सगळे सपाट तुकडे कोनाकोनांत जोडलेले, शेपटं बाहेर कललेली. विमान असं बेढब का, याचं कारण त्या काळच्या संगणकात होतं. रडारची लहर कोणत्या पृष्ठभागावरून कुठे परतेल, याचं गणित सत्तरच्या दशकातल्या संगणकांना सपाट पृष्ठभागांपुरतंच झेपत होतं. वक्र अंगाचं गणित त्यांच्या आवाक्याबाहेर होतं. अँड्र्यूज यांनी हवेचा विचार केला होता, संगणकाचा केला नव्हता. तरीही त्यांचं एफ-१९ या छंदातलं मानाचं पान आहे. अंदाज चुकला, पण त्यामागे विचार होता, म्हणून ते किट आजही बघावंसं वाटतं.

विचार करायला भारतीय आकाशातही विषय भरपूर आहेत. सगळ्यांत मोठा विषय म्हणजे एचएफ-२४ 'मरुत'. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचं फॉके-वुल्फ १९० ज्यांनी घडवलं ते कुर्ट टांक १९५६ मध्ये बंगळुरूला आले आणि त्यांच्या हाताखाली भारताचं पहिलं जेट लढाऊ विमान उभं राहिलं. १७ जून १९६१ ला ते उडालं. आवाजाच्या दुप्पट वेगाचं स्वप्न ठेवून त्याचं अंग आखलं होतं. पण ज्या ऑर्फियस १२ इंजिनांवर भिस्त होती, त्यांच्या विकासाचा खर्च उचलायला भारत सरकार तयार झालं नाही. ते इंजिन ज्वाला-वर्धकासह (आफ्टरबर्नरसह) सुमारे ३,७०० किलोचा रेटा देणार होतं. मरुतला शेवटपर्यंत २,२०० किलोच्या ऑर्फियस ७०३ वर भागवावं लागलं. मग पर्यायांची शोधाशोध सुरू झाली. इजिप्तमध्ये बनत असलेलं ई-३०० इंजिन लावून पाहायला एक मरुत तिकडे पाठवलं गेलं. आपल्याच ऑर्फियसला ज्वाला-वर्धक जोडून पाहिला. त्या विमानाच्या चाचणीत १० जानेवारी १९७० रोजी ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. नंतर जर्मन कंपनीबरोबर आरबी-१९९ इंजिनाच्या एचएफ-७३ चा विचार झाला, तोही कागदावरच राहिला.

मरुतचं काल्पनिक मॉडेल करणाऱ्याला म्हणून काहीच शोधून काढावं लागत नाही. सगळ्या वाटा इतिहासानेच आखून अर्धवट सोडलेल्या आहेत. त्याने फक्त एक वाट निवडायची आणि तिचे परिणाम निमूट भोगायचे. मोठं इंजिन घातलं की मागचं अंग जाड करावं लागतं. जास्त हवा लागते, म्हणून बाजूची तोंडं रुंद होतात. जास्त इंधन लागतं, म्हणून पंखाखाली टाक्या येतात. हे तीनही बदल न करता नुसता मागचा पाइप मोठा केला की जाणकाराच्या ते लगेच लक्षात येतं. मापं हवी असतील तर मुंबईकरांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आणि पुणेकरांना कमला नेहरू उद्यानात खरं मरुत उभं दिसतं; उद्यानात खेळायला येणारी निम्मी मुलं त्याच्या पोटाखालून पळत असतात आणि त्याचं नाव त्यांच्या आईबापांनाही ठाऊक नसतं.

आता सी हॅरियरकडे.

एफए.२ चं किट १/७२ मध्ये मिळतं; ते घेतलं तर अंगाला हात न लावता काम होतं. पण ते बाजारात येण्याआधी, आणि आजही हाताची खाज म्हणून, कित्येकजण जुन्या एफआरएस.१ च्या किटपासून सुरुवात करतात. हा मार्ग बघण्यासारखा आहे, कारण ब्रिटिश एअरोस्पेसने खऱ्या विमानाचं जे केलं तेच इथे बहात्तरपट लहान करून करावं लागतं. मोठ्या रडारासाठी एफए.२ चं नाक फुगलं. नाकाच्या टोकावरची हवेचा वेग मोजणारी लांब नळी गेली. आणि पंखामागे अंग कापून सुमारे ३५ सेंटिमीटरचा एक तुकडा मध्ये घातला गेला, ज्यात इलेक्ट्रॉनिक सामान बसलं. गंमत अशी, की अंग वाढूनही विमानाची एकूण लांबी कमीच झाली. नळी गेल्याने वाचलेली लांबी तुकड्याने वाढलेल्या लांबीपेक्षा जास्त होती. हॅरियरच्या बाबतीत अशा बदलांना आणखी एक जाच असतो. ते चार फिरत्या तोट्यांमधून येणाऱ्या झोतावर हवेत उभं राहतं, त्यामुळे वजनाचा मध्य त्या चार तोट्यांच्या मधेच राहायला लागतो. नाकात वजन वाढवलं तर मागेही काहीतरी द्यावं लागतं. काल्पनिक हॅरियरला मोठं नाक लावून शेपूट तसंच ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

३५ सेंटिमीटर भागिले ७२ म्हणजे पाच मिलिमीटरला जरासं कमी. अंगाचे डावा-उजवा अर्धे भाग आधी जोडून घ्यायचे. मग कापायच्या रेषेवर मास्किंग टेपची पट्टी भोवतीने गुंडाळायची, म्हणजे करवत सरकत नाही. करवत म्हणजे कागदासारख्या पातळ पात्याची, बारीक दातांची. ती दाबायची नसते, नुसती ओढत राहायची. दाबलं की प्लास्टिक गरम होऊन दात चिकटतात आणि चीर वाकडी जाते. शेपूट वेगळं झालं की एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटचे पाच तुकडे अंगापेक्षा थोडे मोठे कापून एकावर एक चिकटवायचे. इथला गोंद म्हणजे खरं तर द्रावक. तो दोन्ही कडांचं प्लास्टिक विरघळवतो आणि उडून जातो. जे उरतं तो सांधा नसतो, एकसंध प्लास्टिक असतं. म्हणूनच घाई केली तर आतून मऊ राहतं आणि आठवड्याने सांध्यावर खळगा पडतो. पाच थरांचा तो ठोकळा मध्ये बसवून सुकू द्यायचा आणि मग पॉलिश पेपरने घासत घासत अंगाच्या गोलाईला आणायचा. शेवटचे पेपर पाण्यात भिजवून वापरायचे.

राहिलेल्या फटींत लांबी भरायची, तीच, रंगारी भिंतीला भरतात त्या जातीची, फक्त बारीक. वर करड्या प्रायमरचा हात मारला की सगळी लबाडी उघडी पडते. बोटाला गुळगुळीत लागलेला सांधा डोळ्याला खाचखळग्यांचा दिसतो. पुन्हा लांबी, पुन्हा पेपर, पुन्हा प्रायमर. या घासाघाशीत पत्र्यांच्या जोडांच्या कोरीव रेषा पुसल्या जातात, त्या सुईने पुन्हा कोरून काढाव्या लागतात. पाच मिलिमीटरच्या तुकड्यासाठी हे सगळं. नवशिक्याला इथे कंटाळा येतो आणि तो एफए.२ चं तयार किट मागवतो, त्यात गैर काही नाही.

यापुढचं काम टेबलापेक्षा वाचनाचं जास्त. ब्लू व्हिक्सन काढून आलेल्या विमानाच्या नाकात भारताने काय भरलं असतं? इथे हवेत गोळी मारायची गरज पडत नाही. त्याच सुमारास भारतीय नौदल आपल्या जुन्या सी हॅरियरवर इस्रायलचं एल्टा २०३२ रडार आणि 'डर्बी' क्षेपणास्त्र बसवत होतं. हा कार्यक्रम खरा, पार पडलेला. तेव्हा काल्पनिक आठ विमानांतही तेच गेलं असतं, असं म्हणायला कुणाची हरकत नसावी. अमराम लावायचं नाही; अमेरिकेने ते भारताला तेव्हा दिलं नव्हतं. नेमक्या याच ठिकाणी पुष्कळ मॉडेलं फसतात, कारण एफए.२ च्या किटबरोबर अमराम आयतं येतं आणि ते देखणं असतं. डर्बी खरं साडेतीन मीटरहून थोडं लांब असतं, म्हणजे १/७२ मध्ये पाच सेंटिमीटर. सव्वादोन मिलिमीटर जाडीची गोल प्लास्टिक कांडी, पुढे निमुळती घासलेली, आणि पातळ शीटमधून कापलेल्या नखाएवढ्या पात्या, इतक्यावर ते होतं.

क्रमांकाचा प्रश्न तर फारच गोड सुटतो. भारताची एका आसनाची सी हॅरियर आयएन-६०१ पासून आयएन-६२३ पर्यंत होती. प्रशिक्षणाच्या दोन आसनी विमानांचे क्रमांक ६५१ पासून सुरू होतात. मधली जागा मोकळीच आहे. नवी आठ विमानं आयएन-६२४ ते ६३१. कुणी खोटं म्हणायला पुस्तक उघडलं, तर त्याला रकाना रिकामा सापडतो.

रंगाच्या बाबतीत मोह आवरावा लागतो. सुरुवातीची भारतीय सी हॅरियर वरून गडद सागरी करडी आणि पोटाला पांढरीशुभ्र होती. फारच देखणी रंगसंगती, आणि स्पर्धेत कुणाचंही लक्ष वेधून घेणारी. पण नंतरच्या काळात पांढरं पोट जाऊन करडेपणा आला, आणि ब्रिटनहून आलेली एफए.२ तर मुळातच अंगभर करडी होती. २००७ च्या विमानाला १९८३ चा पोशाख घालणं म्हणजे दुसरी थाप, आणि थाप तर एकच ठरली होती. करडं विमान कपाटात फिकं दिसतं हे खरं. त्यावर उपाय म्हणजे समुद्र. विमानवाहू जहाजावरच्या विमानाचा रंग खारट हवेने विटतो, जागोजागी डागडुजीचे ताजे ठिपके दिसतात. हे साधायला मॉडेलकार चक्क मीठ वापरतात. पहिला रंग सुकला की पाण्याचे थेंब लावून त्यावर मिठाचे खडे शिंपडायचे, वरून किंचित वेगळ्या छटेचा हलका फवारा मारायचा आणि सुकल्यावर मीठ झटकायचं. खड्यांखालचा रंग ठिपक्याठिपक्यांनी डोकावतो.

तिरंगी वर्तुळ हे भारतीय मॉडेलकाराचं जुनं दुखणं. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. डिकल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची पातळ चित्रं; ती घरच्या प्रिंटरवर खास कागदावर छापता येतात. पण घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, तो कागदाच्या पांढऱ्यावर विसंबतो, आणि डिकलचा कागद तर पारदर्शक. करड्या विमानावर ते वर्तुळ लावलं की मधलं कडं करडंच दिसतं. मग कुणी पांढऱ्या डिकल-कागदावर छापून कडेने वर्तुळ कापतात आणि हात थरथरला तर तिरंगा अंडाकृती होतो. कुणी दुसऱ्या भारतीय विमानाच्या डिकलमधली उसनी घेतात. ज्यांच्याकडे एअरब्रश आणि संयम आहे ते वर्तुळाकार कटरने टेपच्या चकत्या कापून तीनही रंग फवारतात. हे तिसरं सगळ्यांत चांगलं दिसतं, यात वाद नाही. डिकल लावणार असाल तर आधी चकचकीत वार्निश हवं. खरबरीत रंगावर ती लावली तर खाली हवा अडकते आणि चित्राभोवती चंदेरी कडा दिसते. मॅट वार्निश सगळ्यांत शेवटी.

सगळ्यांत बारीक काम नाकावर आहे. हॅरियरच्या समोरच्या काचेपुढे एक इवलीशी पाती असते, वारा कोणत्या बाजूने येतोय हे वैमानिकाला दाखवणारी. जवळजवळ स्थिर उभं असताना बाजूचा वारा हॅरियरला उलटवू शकतो, म्हणून कोट्यवधींच्या विमानावर हे साधं वातदर्शक. १/७२ मध्ये ती करायची तर भाग ज्या चौकटीत येतात त्या चौकटीचा एक तुकडा मेणबत्तीवर धरायचा, मऊ पडून चमकायला लागला की ज्योतीबाहेर काढून दोन्ही टोकं ओढायची. केसासारखी तार निघते. त्याचा दीड मिलिमीटर कापायचा आणि चिमट्याने चिकटवायचा. उडून गालिच्यात पडला तर शोधत बसू नये, दुसरा ओढावा.

आणि चाकं. हॅरियरला नाकाखाली एक, पोटाखाली जोडचाक आणि पंखांच्या टोकांना एकेक बारीक चाक असतं. चौघांनी एकाच वेळी जमिनीला टेकायचं असतं, ते सहसा टेकत नाहीत. गोंद ओला असतानाच मॉडेल काचेवर उभं करून ठेवणं हाच त्यातल्या त्यात उपाय.

विमान झालं की त्याला जागा लागते, आणि त्या जागेलाही एक 'तर' चिकटलेलंच आहे. सी हॅरियर २०१६ च्या मे महिन्यात गोव्यात निवृत्त झाली. 'विराट' २०१७ च्या मार्चमध्ये मुंबईत निवृत्त झाली आणि तिचं तरंगतं संग्रहालय सिंधुदुर्गात, निवतीच्या समुद्रात करायचं ठरत होतं; २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने त्याला मान्यताही दिली होती. शेवटी २०२० मध्ये ती ओढून अलंगच्या भंगारात गेली. निवतीच्या पाण्यात नांगरलेली विराट आणि तिच्या डेकवर आयएन-६२४, असा देखावा कुणी केला तर त्यात दोन थापा होतील, पण दुसरी थाप मंत्रिमंडळाच्या ठरावाची आहे म्हणून चालवून घ्यावी. सी हॅरियरचा बारकावा जवळून पाहायचा असेल तर दाभोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदल हवाई संग्रहालय गाठावं. तिथे ते उघड्यावर उभं आहे.

काल्पनिकांच्या दुनियेत एक गल्ली मात्र फार गजबजलेली आहे आणि तिथे जरा जपून जावं. दुसरं महायुद्ध आणखी वर्षभर चाललं असतं तर जर्मनीची कागदावरची जेट विमानं १९४६ मध्ये आकाशात कशी दिसली असती, या कल्पनेवर शेकडो मॉडेलं होतात, मोठ्या कंपन्या तशी किटही काढतात. आकार खरोखर मोहक असतात. पण ती विमानं कुणाच्या हातांनी बनणार होती हे त्या मॉडेलांत दिसत नाही. हाइन्केल १६२ हे शेवटच्या महिन्यांतलं जेट जिथे बनत होतं त्यातला एक कारखाना नॉर्डहाउझेनजवळच्या भुयारात होता आणि तिथे छळछावणीतले कैदी राबवले जात. शिवाय सामग्रीची रड होती ती वेगळीच. हवाई हल्ल्यात चांगल्या गोंदाचा कारखाना गेल्यावर हाइन्केल १६२ चे लाकडी पंख बदली गोंदाने चिकटवले गेले. त्यातल्या आम्लाने लाकूड खाल्लं आणि १० डिसेंबर १९४४ रोजी दुसऱ्याच उड्डाणात पंख निखळून वैमानिक मेला. चकचकीत '१९४६' करणाऱ्यांनी ही गोष्टही मॉडेलशेजारच्या पाटीवर लिहायला हवी, असं म्हणावंसं वाटतं.

उलट कधीकधी जे हास्यास्पद म्हणून उडवून लावलं जातं ते खरंच घडलेलं असतं. दोन बॉम्बफेकी विमानं पंखाला पंख लावून चिकटवली आणि मध्ये पाचवं इंजिन बसवलं, असं मॉडेल घेऊन कुणी आलं तर लोक हसतील. जर्मनीने हाइन्केल १११ झेड नेमकं असंच बनवलं होतं, प्रचंड ग्लायडर ओढायला, आणि इटलीच्या 'इटालेरी'ने त्याचं १/७२ मध्ये रीतसर किट काढलं. अमेरिकेने महायुद्धाच्या अखेरीला मस्टँगची जोडी जोडून 'ट्विन मस्टँग' उडवलं. रद्द झालेल्या विमानांचीही अशीच चलती आहे. ब्रिटनचं टीएसआर-२ हे १९६४ मध्ये उडालं आणि १९६५ मध्ये रद्द झालं; सेवेत एक दिवसही न गेलेल्या त्या विमानाला व्हॉट-इफवाल्यांनी जगातल्या निम्म्या हवाई दलांचे रंग चढवलेत. ब्रिटनमधल्या टेलफर्डला दर नोव्हेंबरात प्लास्टिक मॉडेलकारांचा जगातला एक मोठा मेळा भरतो, तिथे या मंडळींचं स्वतंत्र टेबल असतं आणि त्याभोवती सगळ्यांत जास्त हशा असतो. खऱ्याचे उपासकही तिथे रेंगाळतात, पाट्या वाचतात, आणि मग हळूच विचारतात, हे खरंच असं झालं होतं का?

भारतीयांसाठी पुढचा विषय आता तयारच आहे. सी हॅरियर उडवणाऱ्या ३०० क्रमांकाच्या 'व्हाइट टायगर्स' स्क्वाड्रनकडे नंतर मिग-२९के आलं. दरम्यान तेजसच्या नौदल आवृत्तीचं एक नमुना-विमान ११ जानेवारी २०२० रोजी 'विक्रमादित्य' या विमानवाहू नौकेच्या डेकवर उतरलं, तिथून उडालंही. पण नौदलाने ते स्क्वाड्रनसाठी घेतलं नाही. २०२५ मध्ये २६ राफेल-एम घ्यायचा करार झाला. म्हणजे व्हाइट टायगर्सचं तेजस ही आणखी एक रिकामी जागा. करणाऱ्याला हवाई दलाच्या तेजसचं नाक खाली झुकवावं लागेल, म्हणजे उतरताना वैमानिकाला डेक दिसेल. पंखाच्या मुळाशी पुढे दोन हलत्या पात्या जोडाव्या लागतील, त्या उतरण्याचा वेग कमी करतात. शेपटाखाली हूक, आणि डेकवर आपटणं सोसतील असे जाडजूड पाय. त्यातलं नाकाचं काम आधी घ्यावं. काचेच्या पुढे खालून पाचरीसारखी चीर द्यायची, वरचं प्लास्टिक न तोडता नाक खाली दाबायचं, चीर मिटली की आतून द्रावक सोडायचं आणि रात्रभर टेपने बांधून ठेवायचं.